तार दारात आली, उत्पादकता कोठे अडली?

औशातील आपल्या कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत अलीकडे एक वाद निघाला आणि तो अपुराच राहिला. तालुक्यातील प्रश्नांची यादी चालू असताना एका तरुण साथीने गावोगावच्या ब्रॉडबँडचा मुद्दा त्या यादीत घालावा, अशी सूचना केली. त्यावर एक ज्येष्ठ साथी काहीशा त्राग्याने म्हणाले, “ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात आपण वेगवान इंटरनेट मागत हिंडायचे काय? आधी पाणी, आधी भाव. तारांचे पुढे बघू.” बहुतेकांनी माना डोलावल्या. तरुण साथी गप्प बसला आणि पुढचा विषय निघाला.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. परंतु त्या क्षणी त्यालाही नेमके उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. मात्र हा वाद औशापुरता नाही. सरकारने वेगवान इंटरनेटवर पैसा ओतला की उत्पादकता आपोआप वाढते, असे एक पक्ष मानतो. हे सारे शहरी सुखवस्तूंचे खेळणे आहे, असे दुसरा पक्ष मानतो. समाजवादी कार्यकर्त्याने या दोन्ही भूमिका तपासून टाकून दिल्या पाहिजेत, असे माझे मत आहे.

सज्ज म्हणजे काय?

प्रथम सरकारने काय केले ते पाहू. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. देशातील अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडावयाच्या, खर्च सुमारे २० हजार कोटी आणि मुदत दोन वर्षांची, असा तो संकल्प होता. पुढे योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचे काम २०१७ च्या अखेरीस पुरे झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र शासनाने आपल्या वाट्याचे काम ‘महानेट’ या नावाने स्वतःकडे घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. २०२५ च्या आरंभी सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ असल्याचे सरकार सांगत होते.

आता ‘सज्ज’ या शब्दाचा अर्थ काय? पंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार आली आणि भिंतीवर पेटी बसली की पंचायत सज्ज. ती पेटी महिन्यातून किती तास चालते, वीज गेल्यावर काय होते, शेजारच्या शाळेला तिचा काही उपयोग आहे काय, हे प्रश्न त्या व्याख्येत येत नाहीत. मी पाहिलेल्या काही गावांत पेटी कुलूपबंद खोलीत होती आणि किल्ली तालुक्याला राहणाऱ्या माणसाकडे होती. एका गावी रस्त्याच्या कामात तार तुटली होती. ती कोणी जोडावयाची यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार चालू होता.

ही युक्ती जुनी आहे. १९९७ पूर्वी गावाच्या शिवारात कोठेही, कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली की ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरत असे. शिवारात एक पंप चालला आणि गावातील सारी घरे अंधारात राहिली, तरी कागदावर गाव उजळलेले! २००४ साली व्याख्या बदलून निदान १० टक्के घरांत आणि शाळा-दवाखान्यांसारख्या सार्वजनिक जागी वीज असली पाहिजे, असे ठरले. विजेच्या बाबतीत ही समज यायला स्वातंत्र्यानंतर अर्धशतक लोटले. फायबरच्या बाबतीत तेवढा काळ आपण थांबावयाचे आहे काय?

मराठवाड्याला तर मोजणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली आणि सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला; त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. त्या पद्धतीवर टीका झाली; परंतु ‘आम्ही मागे आहोत’ या भावनेला तिने आकड्याचे बळ दिले. मराठवाड्याचे वैधानिक विकास मंडळ १९९४ साली स्थापन झाले आणि एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. फायबरचा विस्तार ज्या वर्षांत चालू होता, त्याच वर्षांत त्याचा जिल्हावार अनुशेष मोजण्याची आपली जागा गेली. ही गोष्ट आपल्या चळवळीच्याही फारशी ध्यानात आली नाही.

उत्पादकतेचा हिशेब

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ब्रॉडबँडचा प्रसार १० टक्क्यांनी वाढला की विकसनशील देशाच्या विकासाचा दर १.३८ टक्का बिंदूंनी वाढतो, असा जागतिक बँकेच्या २००९ च्या एका अभ्यासाचा आकडा मंत्र्यांच्या भाषणांत व सल्लागारांच्या अहवालांत वारंवार भेटतो. अनेक देशांच्या सरासरीवरून काढलेला हा आकडा आहे. इंटरनेटमुळे देश संपन्न झाले, की संपन्न होत असलेल्या देशांनी इंटरनेट घेतले, याचा उलगडा अशा सरासरीतून सहजासहजी होत नाही. औशाच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न किती वाढेल, याविषयी तर ती काहीच सांगत नाही.

अर्थशास्त्राला हा पेच नवा नाही. रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये अशा आशयाचे उद्गार काढले होते की, संगणकाचे युग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. त्याचे एक उत्तर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० मध्ये विजेच्या इतिहासातून दिले. अमेरिकेत विजेची केंद्रे १८८० च्या दशकात उभी राहिली. कारखान्यांच्या उत्पादकतेवर मात्र त्यांचा खरा परिणाम १९२० च्या दशकात दिसला. मधली चाळीस वर्षे काय झाले? वाफेच्या काळात एका मोठ्या दांड्यावरून पट्ट्यांनी सारी यंत्रे फिरत. मालकांनी वाफेचे इंजिन काढून तेथे विजेची मोटर बसविली. दांडा आणि पट्टे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसवून कारखान्याची मांडणी नव्याने केली गेली, तेव्हा कोठे उत्पादकता वाढली.

आपल्या खेड्यात आज नेमके हेच चालू आहे. इंजिन बदलले आहे, पट्टे जुनेच आहेत.

दुसरा अभ्यास नॉर्वेचा आहे आणि तो आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. तेथे सरकारच्या पुढाकाराने ब्रॉडबँड टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले की, उच्चशिक्षित कामगारांची उत्पादकता आणि वेतन त्यामुळे वाढले. ठरावीक साचेबंद काम करणाऱ्या कमी शिकलेल्यांची स्थिती मात्र खालावली. नॉर्वेसारख्या समताप्रधान देशात हे घडले, तर जेथे एकाच वर्गातील एका मुलाच्या घरी लॅपटॉप आहे आणि दुसऱ्याच्या घरी आईचा मोडका मोबाईल, तेथे काय घडेल, याची कल्पना करावी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत नागरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, ग्रामीण भागात १५ टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर मोबाईलमुळे हे अंतर कमी झाले असले, तरी मोबाईलवर चित्रफीत पाहता येणे वेगळे आणि त्यावर अभ्यास, अर्ज, हिशेब व व्यवसाय करता येणे वेगळे. टाळेबंदीच्या दोन वर्षांत आपल्या शिक्षकांनी हे पुरेपूर अनुभवले आहे.

मोंढ्यातील धडा

आता आपल्याच मालाचे, सोयाबीनचे उदाहरण घेऊ. सन २००० पासून मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीने खेड्यांत संगणक बसवून शेतकऱ्यांना रोजचे सोयाबीनचे भाव दाखविण्यास आणि स्वतःच्या केंद्रांवर थेट खरेदी करण्यास आरंभ केला. अपराजिता गोयल यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार, त्यामुळे मंड्यांतील सोयाबीनचा सरासरी भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढला. तत्पूर्वी रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावरील अभ्यासात दाखविले होते की, मोबाईल आल्यावर मच्छीमार कोणत्या बंदरावर मासळी न्यावी हे समुद्रातूनच ठरवू लागले. मासळी फेकून देण्याची वेळ टळली, त्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. माहितीची किंमत असते, ती गरिबालाही मिळू शकते, हे यातून सिद्ध होते. म्हणून ‘हे खेळणे आहे’ ही भूमिका टिकत नाही.

परंतु दोन्ही उदाहरणांतील समान धागा पाहा. मच्छीमाराकडे होडी होती आणि पुढचे बंदर मोकळे होते. मध्य प्रदेशच्या शेतकऱ्याला मंडीखेरीज दुसरा खरेदीदार मिळाला. माहितीबरोबर पर्याय आला, तेव्हाच तिचे पैशात रूपांतर झाले.

लातूरच्या मोंढ्यात काय घडते? २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या दिवाळीच्या सुमारास बाजारातील भाव बहुतांशी ४ ते साडेचार हजारांच्या दरम्यान घुटमळत होता. हे भाव शेतकऱ्याच्या खिशातील मोबाईलवर रोज सकाळी उमटत होते. हमीभावही त्याला ठाऊक होता, तफावतही ठाऊक होती. तरीही त्याने माल विकला; कारण बी-खताची उधारी अंगावर होती, रब्बीची पेरणी तोंडावर होती, घरात साठविण्यास जागा नव्हती आणि सरकारी केंद्रावर ओलाव्याची अट आडवी येत होती. ती अट १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेण्याची सवलत मिळाली ती नोव्हेंबरमध्ये, गरजूंचा बराच माल मोंढ्यात गेल्यावर. तारेने त्याला त्याचे नुकसान अधिक अचूकपणे दाखविले, एवढेच!

येथे ‘पट्टे’ कोणते हे स्पष्ट होते. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यावे आणि भाव चढल्यावर माल विकावा, अशी ही सोय आहे. भावाची माहिती तारेने यावी आणि थांबण्याची ताकद गोदामाने द्यावी, अशी सांगड घातली, तर त्याच तारेतून शेतकऱ्याच्या पदरात पैसा पडेल. ही सांगड नसेल, तर लाभ त्याच्याच पदरी पडतो ज्याच्याकडे गोदाम, भांडवल आणि थांबण्याची सवड आहे, म्हणजे व्यापाऱ्याच्या.

गरिबाचा वेळ फुकटचा आहे काय?

उत्पादकता म्हणजे एका माणसाच्या एका तासाच्या श्रमातून किती निपजते, याचे माप. मग गरिबाचा तास या हिशेबात धरला जातो काय?

गेल्या दहा वर्षांत शासनाने आपले बहुतेक कारभार तारेवर चढविले. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर नोंदवावयाची. पीकविम्यात नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावयाची, अशी अट कित्येक हंगाम होती. पुढे २०२५ च्या खरिपात राज्याने वैयक्तिक नुकसानीची तरतूदच वगळली. रास्त भाव दुकानात यंत्रावर अंगठा उमटला तर धान्य. अनुदान हवे तर ई-केवायसी. यातील प्रत्येक सुधारणेने सरकारचे श्रम आणि खर्च वाचले, हे खरे आहे; गळती थांबविण्याचा हेतूही नाकारता येणार नाही. परंतु शासनाचा वाचलेला वेळ कोणाच्या माथी बसला?

मी एका सेवा केंद्राबाहेर सकाळी दहापासून बसलेली माणसे पाहिली आहेत. ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन इंग्रजी शब्द आता निरक्षर म्हातारीलाही येतात. तिचा अंगठा श्रमाने झिजलेला, म्हणून यंत्र तो ओळखत नाही. रांगेत गेलेला दिवस मजुरीतून वजा. एक साधा हिशेब करू. एखाद्या गावात ३०० खातेदार आहेत आणि प्रत्येकाचे एका हंगामात असे दोन दिवस वाया गेले, तर ६०० दिवसांची मजुरी बुडाली. ही रक्कम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात वजा दाखविली जात नाही. उलट केंद्रचालकाला दिलेले शुल्क मात्र सेवाक्षेत्राचे उत्पन्न म्हणून जमेस धरले जाते! तार अर्धवट पोहोचविणे आणि तिच्यावरील अवलंबन पूर्ण करणे, हा खरा अन्याय आहे.

जाळे कोणाच्या मालकीचे?

फायबर टाकण्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा खोदाईचा असतो. तो एकदाच आणि आधी करावा लागतो. दाट वस्तीच्या शहरात तो लवकर वसूल होतो. विखुरलेल्या वाड्या-तांड्यांत होत नाही. म्हणून खाजगी भांडवल तेथे स्वतःहून जात नाही. जून २०२१ मध्ये सरकारने १६ राज्यांत भारतनेट खाजगी भागीदारीने चालविण्याचे ठरवून १९,०४१ कोटी रुपयांचे साहाय्य देऊ केले. तरीही निविदांना प्रतिसाद मिळाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मुद्रीकरण योजनेत भारतनेटची २.८६ लाख किलोमीटर तार मात्र खाजगी हाती सोपविण्याच्या यादीत होती. घालण्याचा खर्च लोकांचा आणि घातल्यावर कमाई कंपनीची, असा हा सौदा आहे.

सार्वजनिक क्षेत्राला हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना सी-डॉटची आठवण करून द्यावी. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने उष्णता आणि धूळ सोसणारे, वातानुकूलनाविना चालणारे लहान ग्रामीण टेलिफोन केंद्र बनविले. त्यातील पहिले १९८६ मध्ये आपल्या सीमाभागाजवळच्या कित्तूर येथे सुरू झाले. खेड्याची गरज हाच संशोधनाचा आरंभबिंदू ठरला, तेव्हा हे घडले. उलट, खाजगी कंपन्या देशभर ४जी पसरवीत असताना बीएसएनएलला त्यासाठीचे ध्वनिलहरींचे वाटप २०१९ पर्यंत रखडले. जानेवारी २०२० मध्ये सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. आणि स्वदेशी ४जी जाळ्याचे लोकार्पण झाले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. हात बांधून शर्यतीत उतरवावयाचे आणि मागे पडल्याबद्दल दूषणे द्यावयाची, असा हा न्याय आहे. बाजारात मूठभर कंपन्या उरल्यावर जुलै २०२४ मध्ये दर एकदम कसे वाढले, हे प्रत्येक मोबाईलधारकाने पाहिले आहे.

आता ज्येष्ठ साथींच्या आक्षेपाला थेट उत्तर देतो. पाणी आणि भाव यांचा अग्रक्रम मला मान्य आहे. पण तारेचा पैसा पाण्याच्या पैशातून येत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नावर ५ टक्के सार्वत्रिक सेवा आकारणी २००२ पासून आहे. ‘डिजिटल भारत निधी’ हे तिच्या निधीचे आजचे नाव. ग्रामीण दूरसंचारासाठीच ती आहे आणि तीतील मोठा भाग वर्षानुवर्षे खर्चाविना राहिला. आपण मागितला नाही, तर तो पैसा औशाच्या विहिरीत पाणी होऊन उतरणार नाही. तो दिल्लीतच राहील.

यंत्राविषयी आपल्या चळवळीने पूर्वीही चुका केल्या आणि त्यांतून धडेही घेतले. साठच्या दशकात कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडवा विरोध केला. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटनांनी यंत्रीकरणाच्या अटींवर करार केला. ‘यंत्र हवे की नको’ येथून आपण ‘कोणत्या अटींवर’ येथे आलो. केरळने जून २०२३ मध्ये स्वतःचे सार्वजनिक फायबर जाळे सुरू करून २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. घरगुती जोडण्यांत तेथेही काम मागे पडले, हे मान्य केले पाहिजे. पण दिशा तीच आहे. प्रा. मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. गाडीचा वेग त्याने वाढला नाही. सुधारणा कोणत्या डब्यापासून सुरू करावयाची, ते मात्र ठरले.

आपण काय मागावे?

म्हणून औसा तालुक्यापुरत्या तरी पुढील मागण्या घेऊन आपण ग्रामसभांत आणि तहसीलवर जावे. ‘सज्ज’ ही व्याख्या रद्द करून महिन्यात किती तास जोडणी चालली, हे पंचायतीच्या फलकावर लिहिले जावे. शाळा, आरोग्य उपकेंद्र, रास्त भाव दुकान आणि विविध कार्यकारी सोसायटी यांना सार्वजनिक जोडणी मिळावी आणि दहा-बारा गावांमागे स्थानिक तरुण पगारावर, कमिशनवर नव्हे, देखभालीस नेमावा. जाळे बंद असेल त्या दिवशी कागदी अर्ज स्वीकारणे बंधनकारक असावे व मुदतीसाठी तीच तारीख धरावी. गोदाम, तारण कर्ज आणि वेळेवर उघडणारे खरेदी केंद्र ही ब्रॉडबँडच्याच मागणीची अंगे समजावीत. आणि लोकांच्या पैशाने टाकलेली तार लोकांच्याच मालकीची राहावी.

यासाठी प्रथम आपल्याकडे आकडे हवेत. पुढील बैठकीपूर्वी प्रत्येक साथीने आपल्या पंचायतीतील पेटी पंधरा दिवस पाहावी. ती चालू किती वेळ, बंद किती वेळ, सेवा केंद्रावर किती माणसे आली आणि किती परत गेली, हे साध्या वहीत टिपावे. ज्येष्ठ साथींनीही ही वही ठेवावी, अशी त्यांना माझी विनंती आहे. मीही ठेवणार आहे. त्यानंतर वाद पुन्हा करू, आणि या वेळी तो अपुरा सोडावयाचा नाही.